एम.ए. काकांच्या राज्यशास्त्राची कमाई

एम.ए. काका पानाचा विडा तोंडात टाकण्याआधी तो कुणाच्या कमाईचा आहे हे जाहीर करत. "हे पान आजोबांचं," असं म्हणायचं आणि मग गाल फुगवायचा. धोतर आजोबांचं, भाजी आजोबांची, मुलीच्या लग्नातला बँडसुद्धा आजोबांचा. प्रत्यक्षात आजोबा वारून जमाना झाला होता. काकांचं म्हणणं एवढंच की, घर चालतं ते आजोबांनी शिकवलेल्या मंत्रांवर, आणि विद्यापीठानं दिलेल्या पदवीचा त्यात छदामही नाही. हे ते कुरकुरत सांगत नसत. आज ऊन फार आहे, असं आपण म्हणतो ना, त्या सुरात सांगत.

त्यांचं खरं नाव गजाननराव टेंभे. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत ते आमच्या समोर राहत. घराणं भिक्षुकाचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांना घरी उतरवायचं, नावेत बसवून गंगापूजन करवायचं, श्राद्धं करवायची, हा पिढीजात उद्योग. तरुणपणी काकांच्या डोक्यात प्राध्यापक व्हायचं आलं. राज्यशास्त्र घेऊन एम.ए. झाले, पहिल्या वर्गात झाले, काही वर्षं ठिकठिकाणी इंटरव्ह्यू दिले आणि निमूटपणे घाटावर परत आले. दारावर 'एम.ए. (राज्यशास्त्र)' ही पाटी मात्र राहिली. बनारसी मंडळी त्यांना 'एमए गुरू' म्हणत. कोपऱ्यावरचा पानवाला रोज सकाळी ओरडायचा, "का गुरू, सरकार गिरल कि ना?" नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सरकारं इतकी पडत होती की काकांना बरेचदा 'पडलं' असंच सांगावं लागे.

त्या पाटीचा यजमानांवर भलताच परिणाम व्हायचा. राज्यशास्त्र म्हटल्यावर त्यांना वाटे, गुरुजींची वर ओळख असणार. सांगलीच्या एका कुटुंबानं तर श्राद्ध आटोपल्या आटोपल्या परतीचं वेटिंगचं तिकीटच त्यांच्या हातात ठेवलं. व्ही.आय.पी. कोट्यातून तेवढं करून द्या म्हणाले. काका शांतपणे म्हणाले, "मला राज्यपालांचे अधिकार ठाऊक आहेत. टी.सी.चे नाहीत." मंडळींना तो विनय वाटला आणि त्यांनी दक्षिणा वाढवली. काकांनी तीही आजोबांच्या नावावर टाकली.

घरात त्यांची सगळी भाषा राज्यघटनेची. काकू म्हणजे केंद्र. स्वयंपाकघर, तिजोरी आणि पाहुणे हे केंद्राच्या सूचीत. जे कुठल्याच सूचीत नाही, तेही शेवटी केंद्राकडेच जातं, हे ते गंभीरपणे सांगत आणि काकू आतून "चहा गार होतोय" म्हणत.

पदवीनं त्यांना आयुष्यात एकदाच काही मिळवून दिलं होतं. सव्वीस जानेवारीला एका शाळेनं त्यांना भाषणाला बोलावलं आणि मानधनाऐवजी छत्री दिली. ती घेऊन ते उन्हातान्हात हिंडत. कुणी विचारलंच तर छत्री उघडून दाखवत. "ही राज्यशास्त्राची. बाकी सगळं आजोबांचं."

असा माणूस हाताशी असल्यावर गल्लीतले बाप त्याचा उपयोग न करते तरच नवल. बारावीचे निकाल लागले आणि एखाद्या पोरानं राज्यशास्त्राचं नाव काढलं की त्याला दृष्ट काढायला न्यावं तसं काकांकडे नेत. काकांचं प्रवचन ठरलेलं. "बेटा, बँकवाले विचारतात हिशेब येतो का. रेल्वेवाले विचारतात जी.के. येतं का. राज्य कसं चालतं हे कुणी विचारत नाही. राज्य चालवणारे तर मुळीच नाहीत." मग छत्री दाखवत. पोरगं मुकाट्यानं बी.कॉम.चा फॉर्म भरे.

अधिक आषाढ आला त्या वर्षी ही वेळ आमच्या घरावर आली. माझी धाकटी बहीण वसू बारावी झाली आणि बी.ए.ला राज्यशास्त्र घेणार म्हणून हटून बसली. बाबा बँकेत कॅशियर. दोन दिवस घरात बहस चालली. बाबा म्हणत, "नौकरी कुठाय त्यात?" वसू म्हणे, "बाबा, पर मुझे यही पढ़ना है." रागावली की ती हिंदीत जायची. शेवटी कॉलेजातल्या दाखिल्याची मुदत संपत आली आणि फॉर्म कोराच राहिला, तेव्हा बाबांनी समोरच्या खिडकीकडे पाहून हाक मारली, "गजाननराव, घाटावर जाताना जरा येऊन जा."

काका आले ते घाईतच. अधिक महिना म्हणजे भिक्षुकांची सुगी. नाशिकचं एक मोठं कुटुंब गंगापूजनासाठी बालाजी घाटावर नावेत बसायला निघालं होतं. काकांच्या खांद्याला पूजेच्या साहित्याची पिशवी होती. उभ्याउभ्याच त्यांनी प्रवचन सुरू केलं. बँकवाले झाले, रेल्वेवाले झाले. वसूनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, एक विचारू? यंदा दिल्लीत कुणालाच बहुमत नव्हतं. मग राष्ट्रपती आधी कुणाला बोलावतात? आणि तो नियम लिहिलाय कुठे?"

काका थांबले. छत्री भिंतीला टेकवली.

"कुठेच नाही," ते म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, "कुठेच नाही लिहिलेला! तीच तर गंमत आहे!"

ते खाली बसले. पिशवीतून नारळ काढून जमिनीवर ठेवला. "हे राष्ट्रपती." पाठोपाठ सुपाऱ्या निघाल्या. मोठ्या सुपाऱ्यांचा एक पक्ष, लहानांचा दुसरा, हळकुंडांची आघाडी. गणपती म्हणून पुजायची वेगळी काढलेली सुपारीसुद्धा एका छोट्या प्रादेशिक पक्षाच्या कामी आली. वसू मध्येच म्हणाली, "पण ही हळकुंडं निकालानंतर एकत्र आली असली तर?" त्यावर काकांनी हर्षानं मांडीवर थाप मारली आणि सगळी लोकसभा मोडून पुन्हा मांडली.

दारात रामजनम नावाडी येऊन उभा राहिला. "गुरू, जजमान लोग नाव पर बइठल हउवन."

"बइठे द. सरकार बनत हौ," काका मान वर न करता म्हणाले.

बाबा अस्वस्थ झाले. "गजाननराव, यजमान खोळंबलेत." काकांनी हातानंच थांबा म्हटलं. ते आता वसूला विश्वासदर्शक ठराव समजावत होते. इतका मोकळा, इतका खणखणीत आवाज त्यांचा मी संकल्प सांगतानाही ऐकला नव्हता. आई चहा ठेवून गेली, त्याच्यावर साय धरली.

बऱ्याच वेळानं रामजनम पुन्हा आला. नाशिककरांनी कंटाळून दुसरे गुरुजी धरले होते. पूजा निम्मी झाली होती. म्हणजे दक्षिणा गेली, अधिक महिन्याचं वाण गेलं, आणि पुढच्या खेपेला ते कुटुंब त्या दुसऱ्या गुरुजींच्याच घरी उतरणार, हेही ठरल्यासारखंच होतं. काशीत यजमान तुटला की पिढ्यांचा तुटतो. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि सुपाऱ्या गोळा करू लागले.

बाबा ओशाळून म्हणाले, "अहो, मी तुम्हाला नको म्हणायला बोलावलं होतं."

"तेच म्हणतोय मी. दत्तोपंत, पैसा नाही यात. पैसा पाहिजे तर पोरीला बी.कॉम.ला घाला, तुम्हाला खोटं सांगणार नाही." पिशवीचं तोंड आवळत ते पुढे म्हणाले, "इंटरव्ह्यूत मला वडिलांचं नाव विचारलं, कुणाची चिठ्ठी आणलीय का विचारलं. विषयाचं कुणी नाही विचारलं. इथं गल्लीत विचारतात, सरकार पडलं का. ते बनतं कसं, हे आज पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं हो."

बाबा कॅशियर माणूस. नोट उजेडात धरून पाहतात तसं त्यांनी काकांकडे बराच वेळ पाहिलं. मग फॉर्म पुढे ओढला आणि वसूला म्हणाले, "लिही तुझा विषय. सही करतो मी."

काका दाराशी गेले, चप्पल पायात सरकवली आणि वळले. त्या पन्नाशीच्या माणसाचा चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलासारखा झाला होता.

"वसू, असं काही नाही... पण उद्या आणखी काही विचारायचं असलं, तर मी मोकळाच असतो."

भर अधिक महिन्यात काशीतला भिक्षुक मोकळा असतो, हे ऐकून मला भरून आलं. वसूनं मात्र ते खरं मानलं आणि दुपारी तीनला या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजायच्या आधीच काका आमच्या दारात उभे होते. फक्त मोठ्या यजमानांकडे जाताना काढायचं ते जरीकाठी धोतर नेसले होते, आणि कपाळाला ताजं गंध लावलं होतं.