फाइलीतली पहिली ओळ

"वर देवाचं नाव कुटं हाय?" चन्नवीर अण्णांनी पडद्यावर बोट टेकवून विचारलं.

गुरुराजनं कपाळाला हात लावायचा मोह आवरला. अण्णांच्या टॉवेलच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळायचा, आणि त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा हे अण्णा त्याच संध्याकाळी ठरवणार होते. दुधनी गावच्या होणाऱ्या सासऱ्यांना तर त्यानं 'कायमच आहे' असं ठोकूनही दिलं होतं.

कारखान्यातले सगळे एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचे. कोणी आत शिरला की बिलाचा प्रोग्राम कुठं आहे, त्याचा प्रिंटर कुठला, हे त्याला एका फाइलीतून आपोआप कळायचं. या माहितीला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात, असं गुरुराजनं समजावल्यावर अण्णा म्हणाले होते, "म्हंजे आल्या-आल्या गूळपाणी म्हण की!" आज नवा बिलाचा प्रोग्राम आल्यामुळे तो त्या फाइलीत दोन ओळी वाढवत होता.

"अण्णा, ही फाइल कॉम्प्युटरसाठी आहे. इथं देवाचं नाव कोण वाचणार?"

"देव वाचतोय की. लिव्ह."

कायम व्हायच्या दिवशी मालकाशी आणि देवाशी एकदम वाद कोण घालणार? गुरुराजनं, बिलाच्या माथ्यावर असते तशी, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा मारून सगळ्यात वर ओळ टाकली: || श्री सिद्धेश्वर प्रसन्न ||. अण्णांनी पडद्याला हात जोडले आणि ते समाधानानं केबिनमध्ये गेले.

जेवणाच्या सुट्टीत सगळे लॉगआउट होऊन गेले. परत आले, आणि घोटाळा सुरू झाला. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुन्हा पासवर्डच मागायचा.

"गुरु, हे आत घेईना की बे!" डिस्पॅचचा संगमेश ओरडत आला. "हैद्राबादची गाडी गेटवर हुबी हाय. बिल काढू कसं?"

"थांब, मी बघतो," म्हणत गुरुराज खात्री करायला स्वतः लॉगआउट झाला आणि परत आत शिरायला गेला. त्यालाही दारातच थांबवलं. मग मात्र त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या उभ्या रेघा माणसाला शोभेच्या वाटत असतील, कॉम्प्युटरला तो हुकूम वाटतो. अर्थ न लागणारा हुकूम पहिल्याच ओळीत आल्यावर कॉम्प्युटरनं पुढची फाइल वाचायचंच सोडून दिलं होतं आणि तो सगळ्यांना दारातूनच परत पाठवत होता. ओळीच्या आधी एक खूण टाकली, की कॉम्प्युटर ती ओळ न वाचता पुढे जातो. पण खूण टाकायची तर आत जायला हवं. मोठा कॉम्प्युटर होता कुलूपबंद खोलीत आणि किल्ली अण्णांच्या कमरेला. किल्ली मागायची म्हणजे स्वतःच्या तोंडानं नारळ मागून घेणं.

"तू सर बाजूला," संगमेश मेन स्विचकडे निघाला. "एकदा बंद करून चालू करतो. आमच्या टीव्हीला चालतंय."

तेवढ्यात गुरुराजचं लक्ष कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेलं. हिशेबाच्या सावित्रम्मा एका हातात कडक भाकरी धरून दुसऱ्या हातानं खुशाल टायपिंग करत होत्या.

"हात लावू नको स्विचला!" गुरुराज किंचाळला. "अक्का, तुमचं चालतंय?"

"न चालायला काय झालं? मी बाहेर पडतच न्हाय. परत आत यायला ते पासवर्ड कोण ध्यानात ठेवणार?"

अक्कांना गूळपाणी सकाळीच मिळालं होतं, त्यामुळे त्या आत सुखरूप होत्या. गुरुराज धावला. पण टेबलाशी पोचल्यावर त्याला आठवलं, त्या फाइलीला हात लावायचा अधिकार अक्कांना नाही. "तुमच्या नावावर ती फाइल बदलता येत नाही, अक्का," तो म्हणाला.

"तुमचं ते काळं खिडकी चालंल का?" अक्कांनी घास गिळत विचारलं.

"कसली खिडकी?"

"प्रिंटर बसवताना तुमी उघडलाव की. तवापासनं खाली तसंच हाय. दुसऱ्याचं मी कशाला बंद करू?"

गुरुराजनं ती वर आणली. सगळे अधिकार असलेली, त्यानंच उघडी टाकलेली खिडकी! दुसऱ्या कुणी असा निष्काळजीपणा केला असता तर त्यानं त्याची खरडपट्टी काढली असती. त्यानं लगेच ओळीच्या आधी खूण टाकली. संगमेशनं पासवर्ड टाकला, पडदा काळा झाला, आणि बिलाचा प्रोग्राम उघडला. गुरुराजला इतकं हलकं वाटलं की त्यानं अक्कांच्या डब्यातली शेंगाचटणी न विचारताच तोंडात टाकली.

तेवढ्यात केबिनमधली बेल वाजली.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, एवढा गोंधळ होऊनही अण्णा एकदाही ओरडले नव्हते. हे लक्षण काही बरं नव्हतं. आत अण्णा पडद्याकडे पाठ करून बसले होते आणि त्यांचा डबा तसाच बंद होता.

"दार लाव," अण्णा हळूच म्हणाले. "गुरु, एक सांगतो, बाहेर बोलू नको..."

"अण्णा, आधी मी सांगतो," गुरुराजला धीर धरवेना. "चूक माझी आहे. फाइलीत मी रेघा चुकीच्या टाकल्या, त्यामुळे जेवणापासून कुणालाच आत जाता येत नव्हतं. आता नीट केलंय. तुम्ही काढलंत तरी चालेल."

अण्णा गर्रकन वळले. "कुणालाच? म्हंजे पासवर्ड बरोबर टाकला तरीबी?"

"तरीही."

अण्णांनी घाईघाईनं एकेक अक्षर टाकलं. कॉम्प्युटर उघडला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आमच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालतं रे. आधी कुलपाचे आकडे इसरला, मग गल्ली, मग मला. आणि माझा पासवर्ड म्हंजे आमच्या मंडळीचं, सुंदरम्माचं नाव. धा येळा टाकलं, हे फिरून पासवर्डच मागालालंय! मला वाटलं, आलीच माझी बारी."

"नाही अण्णा. डोकं माझंच गेलं होतं."

"तुझं गेलतं व्हय!" अण्णांचा चेहरा फुलला. "लई बरं झालं! जा, आजपासनं तू कायम."

गुरुराज दाराशी पोचेपर्यंत अण्णांनी घरी फोन लावलाही होता.

"सुंदरम्मा!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "काय न्हाय गं, ठेव. नाव घेऊन बघितलं."