निळे टॉवेल डागाळले, त्याची हकीकत

धुणे घरोघर चालते, परंतु त्यापायी राज्ये डळमळतात, हे मागाहून येणारांस ठाऊक असावे, सबब घडले वर्तमान पदरचे न घालितां लिहिले आहे.

तिसऱ्या मजल्यावरील घराची सर्व मुखत्यारी सासूबाईसाहेबांकडे होती. सूनबाई नुकत्याच लग्न होऊन मुलखांत दाखल जाहल्या, आणि बँकेच्या चाकरीतील पगारांतून त्यांनी धुण्याचे यंत्र आणविले. कपडा हातानेच निघतो, यंत्र नुसते घुसळते, ऐसे सासूबाईसाहेबांचे मत. तरी धुण्याचा सुभा सूनबाईंस बहाल जाहला. आणि सर्व सुरळीत असतां गर्द निळ्या टॉवेलांवर नारिंगी डाग उमटले. ते टॉवेल सासूबाईसाहेबांनी दहा दुकाने पालथी घालून आणिलेले, म्हणोन घरांत एकच हलकल्लोळ जाहला.

मग दरबार भरला. सूनबाईंचे यजमान रावसाहेब, ज्यांनी उभ्या हयातींत एक रुमाल पिळला नाही, त्यांनी आधी साबणावर ठपका ठेविला, मग पाण्यावर, मग यंत्रावर, आणि मातोश्रींची मान जिकडे डोले तिकडे आपले मत वळविले. साबण बदलला, डाग हटेनात. कारागीर यंत्राची आंतडी बाहेर काढून पाहून गेला, दोष सांपडेना. तेव्हां हुकूम सुटला की, यंत्र विकावे आणि सूनबाईंनी सकाळी हाताने धुणे उरकून मग चाकरीस जावे. सूनबाईंनी हुंदका गिळिला, कां जे नव्या घरांत रडले तर त्याचाही दरबार भरेल.

पुढे रविवारी सूनबाई चादरी काढावयास सासूबाईसाहेबांच्या खोलींत गेल्या, आणि उशी पाहून थबकल्या. निळा अभ्रा दुकानांतून थेट उशीवर चढलेला, पाण्याचे तोंड न पाहिलेला, आणि गाल टेकतो नेमका तेथेच नारिंगी डाग. मग उमगले की, गनीम यंत्रांत नाहीच. त्यांनी सासूबाईसाहेबांस आंत बोलाविले आणि दार लोटिले.

“आई, तुम्ही तोंडाला काही लावता का?”

सासूबाईसाहेबांनी कपाट उघडिले, आणि साड्यांच्या घडीखालून मलमाची नळी निघाली.

“पुटकुळ्या येतात गं. या वयात कुणाला सांगू? लोक हसतील.”

“कॉलेजात मीही असलंच लावायचे. पुटकुळी जाते, पण कापडाचा रंगही जातो. लावलेलं तोंड नाहीतर हात टॉवेलला पुसला, की झालं.”

“मग किती घासलं तरी डाग निघत का नाही?”

“डाग पडलेलाच नाही, आई. तिथला रंग उडालाय. आपण पांढरे टॉवेल आणू. ह्यांना काही सांगायला नको.”

सासूबाईसाहेबांनी सुनेकडे पाहिले, आणि मग नजर खाली वळविली.

सायंकाळी चहाचे समयी रावसाहेब यंत्रास गिऱ्हाईक मिळाल्याची खबर घेऊन मोठ्या डौलाने आले, आणि दोष यंत्राचाच, हे आपण आधीच ताडले होते, ऐसे बोलू लागले. सूनबाई कपांत पाहत राहिल्या. तोंच सासूबाईसाहेब म्हणाल्या,

“यंत्राला काही झालेलं नाही. डाग माझ्या मलमानं पडले. हिला उगाच बोलले मी. आणि तू रे, तुला धुण्यातलं एवढं कळतं, तर उद्यापासून कपडे तू वाळत घाल.”

रावसाहेबांनी गिऱ्हाइकास नकार कळविण्यास फोन उचलिला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. यंत्र जागेवर कायम जाहले, पांढरे टॉवेल सरकारांत दाखल जाहले, आणि निळे फरशी पुसण्याचे कामी रुजू जाहले. दुसरे दिवशी रावसाहेब चिमटे दांतांत धरून गच्चीवर खडे होते, आणि खाली सासू व सून खिडकीशी बसोन, मलम बोटावर किती घ्यावे, याची मसलत करीत होत्या. लिहिले ते खरे असे.