‘मूळ कुठंय?’ विचारणारे बागवान सर

खरं सांगा, दिवसभरात तुम्ही जे ठामपणे बोलता, त्यातलं किती तुम्ही स्वतः तपासलेलं असतं आणि किती दुसऱ्याच्या तोंडून उचललेलं?

राग आला? येऊ द्या. प्रश्न माझा नाही. तो आमच्या गल्लीतल्या बागवान सरांचा आहे, आणि हे मी आत्ता सांगितलं नसतं, तर त्यांनी पहिलं मलाच पकडलं असतं.

रशीद बागवान, धाराशिवच्या एका कॉलेजातून निवृत्त झालेले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. आमच्या जिल्ह्यात पायाखाली सगळा काळा खडक. बोअर मारली तर पाणी लागायची मारामार. आणि या माणसाचा विषय काय, तर खनिज तेल! मी एकदा विचारलंच, “सर, इथं तेलाचा काय संबंध?”

“हवामान खात्यातल्या माणसाच्या घरात ढग असतो का?” सर म्हणाले.

सरांच्या तोंडी चोवीस तास दोनच शब्द: “मूळ कुठंय?” कुणी म्हणालं, हळदीनं गुडघे बरे होतात, की “मूळ कुठंय?” कुणी म्हणालं, यंदा पाऊस चांगला आहे, की “कोण म्हणालं? त्यानं कुठं वाचलं?” मोबाइलवर आलेलं पुढं ढकलणाऱ्यांनी तर सरांना कधीच आपापल्या ग्रुपमधून काढून टाकलंय. सरांना त्याचं दुःख नाही. “ज्यांच्याकडं मूळ न्हाय, त्यांची फांदी कापली तरी काय,” असं म्हणून ते चहा पितात.

दुपारी सर भावाच्या गाड्यावर बसतात. जब्बारचाचांचा फळांचा गाडा चौकात आहे. एकदा एका बाईंनी विचारलं, “पपई गोड आहे ना?”

“शक्कर आहे शक्कर!” जब्बारचाचा म्हणाले.

मागून स्टुलावरून आवाज आला, “तू खाल्लीस काय?”

“सगळे म्हणतात की, भैया.”

“सगळे म्हंजे कोण? त्यातल्या एकानं तरी खाल्ली असंल तर नाव सांग.”

बाई पपई ठेवून निघून गेल्या. जब्बारचाचांनी हात जोडले. “भैया, तुम घर कू जाव! गिराक भगा रहे तुम!”

सर घरी गेले, पण त्याआधी त्यांनी पपई चिरली, एक फोड स्वतः खाल्ली आणि बाईंना हाक मारून सांगितलं, “ताई, आता गोड आहे.” बाई परत आल्या. दोन पपया घेऊन गेल्या. जब्बारचाचा ही गोष्ट सांगतात तेव्हा पहिला भागच सांगतात.

आता हे मूळ प्रकरण काय, ते सांगते. संशोधक लेख लिहितो तेव्हा आधी कुणी काय शोधलं, त्याचा दाखला त्याला द्यावा लागतो. ज्याच्या लेखाचे दाखले जास्त, त्याचं वजन जास्त. नोकरी, बढती, सत्कार, सगळं आता त्या आकड्यावर. निवृत्त झाल्यावर सरांनी या दाखल्यांचाच अभ्यास धरला. तेलाच्या भूगर्भशास्त्रात कोण कुणाचा दाखला देतं, का देतं, मूळ वाचून देतं की न वाचता. हे सगळं ते अंगणातल्या शहाबादी फरशीवर खडूनं काढतात. एका फरशीवर नॉर्वे, दुसरीवर अमेरिका, तुळशीच्या कुंड्या असतात तसे कडेनं अरबी देश, आणि सगळीकडं बाण.

रुकय्याभाभी, म्हणजे जब्बारचाचांची बायको, सकाळी फडकं घेऊन उभ्या राहतात. “आज कोणता देश पुसू, भैया?”

“अमेरिका पूस. चीन राहू दे, तिथं अजून बाण यायलेत.”

सरांच्या पत्नीला जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. तेव्हापासून भावाच्या घरातली पुढची खोली त्यांची आणि अंगण जगाचं.

मला हे सगळं कळायचं नाही. मग सरांनी एकदा फरशीवर बसवून समजावलं. “आपल्याकडं एकानं सोयाबीन पेरलं की अख्खं शिवार सोयाबीन. संशोधनात बी तसंच. मागं एका जातीच्या खडकातनं वायू निघाला, की सगळ्या जगानं त्याच खडकावर लेख लिवले. आता तेलाला बदनामी आली, म्हणून तेच लोक धुरातला कार्बन खडकात कसा पुरायचा, त्यावर लिहायलेत. दगड तोच. पाटी नवी.”

“आणि दाखले?”

“चौकातले वाढदिवसाचे बॅनर बघितलेस ना? मी तुझ्या बॅनरवर शुभेच्छुक, तू माझ्या बॅनरवर शुभेच्छुक. वाढदिवस कुणाचा, हे बघायला डोळे बारीक करावे लागतात. कितीतरी लेख तसेच असतात गं. मी तुझा दाखला देतो, तू माझा दे.”

मी चळवळीची पत्रकं वाचत मोठी झाले. आमच्या घरात पोथीपुराणापेक्षा पत्रकं जास्त. पुढं मीही लिहायला लागले. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांसाठी मी एक जळजळीत पत्रक लिहिलं आणि अभिमानानं सरांना दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, ‘सर्वांना ठाऊक आहे की...’

सर तिथंच थांबले. “सर्व म्हंजे कोण? मला तर ठाऊक न्हाय.”

“सर, हे पत्रक आहे, प्रबंध नाही!”

“मग तर मूळ जास्त लागतं. प्रबंध कोण वाचतंय? पत्रकावर लोक रस्त्यावर येतात.”

हे वाक्य मी आजही डोक्यात घेऊन फिरते. त्या पत्रकासाठी मला खऱ्याखुऱ्या माणसांना भेटून यायला सरांनी पाठवलं, आणि पहिला पत्ता दिला उमरग्याचा. सुनंदा गायकवाड यांचा.

सुनंदाताई सरांच्या जुन्या विद्यार्थिनी. पीएच.डी. झालेल्या, आणि उमरग्याच्या एका कॉलेजात तासावर शिकवणाऱ्या. वर्षामागून वर्षं तासावरच. सुट्टीच्या दिवशी एसटीनं धाराशिवला यायच्या आणि सरांशी फरशीवर बसून भांडायच्या. भांडण असं, की भाभी चहाचे कप मध्ये ठेवायला घाबरायच्या.

“सर, तुमचा हा बाण चुकलाय.”

“मूळ दाखव.”

“हे घ्या!”

“अरे व्वा! चुकलाय की! रुकय्या, फडकं आण.”

यंदा त्यांच्या कॉलेजात कायमची जागा निघणार होती. ताईंचं सगळं त्यावर अडलेलं. त्यांचा एक फार मोलाचा लेख आहे, असं सर सांगायचे, पण त्याचे दाखले अगदी मोजके, आणि निवड समिती पहिला आकडा तोच बघणार. सरांच्या एका लेखाचे दाखले मात्र जगभरातून यायचे. “आज नॉर्वेवाल्यानं वाचलाय,” सर गाड्यावर सांगायचे. आम्ही अभिनंदन केलं की म्हणायचे, “वाचलाय एवढंच म्हणालो मी.” आम्हाला तो विनय वाटायचा. नॉर्वेवाल्यानं लिहिलंय तरी काय, हे गल्लीत कुणी विचारलं नाही. मूळ कुठंय, हे सरांना उलटून विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नाही.

सरांच्या जुन्या कॉलेजच्याही डोक्यात आलं नाही. कॉलेजनं आकडा बघितला आणि सरांचा सत्कार ठरवला.

फाटकावर बॅनर लागला. बॅनरवाल्यानं मागं तेलाची विहीर आणि सरांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट बसवलं होतं. जब्बारचाचा नवा कुर्ता घालून बॅनरखाली उभे. येईल त्याला सांगत होते, “आमचे भैया.” गल्लीतून निम्मे लोक आलेले. सरांनी सुनंदाताईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्या तिसऱ्या रांगेत माझ्याशेजारी बसल्या होत्या आणि काहीशा अस्वस्थ होत्या.

प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला आणि म्हणाले, “आपल्या मातीतल्या या संशोधकाचा दाखला सातासमुद्रापार दिला जातो!”

सर माइकसमोर आले. “साहेब म्हणाले ते खरंय. माझा दाखला देतात. पण तो देताना काय लिवतात, ते कुणी वाचलं का?”

सरांनी सभागृहावर नजर फिरवली.

“लिवतात: बागवान यांचा निष्कर्ष चुकीचा ठरला आहे.”

पहिल्या रांगेनं सवयीनं टाळ्या वाजवल्या. मग एकमेकांकडं बघितलं आणि थांबवल्या.

सर सांगत राहिले, अगदी वर्गात सांगावं तसं. बेंबळीकडच्या एका शिवारात बोअर मारली, तर पाण्याऐवजी वायू फुसफुसला. कुणीतरी काडी ओढली, जाळ झाला. गावात बोभाटा, आपल्या शेतात तेल आहे. सरांनी नमुना घेतला, लेख लिहिला: हा वायू काळ्या खडकाच्या खूप खालून, तेल असू शकेल अशा जुन्या थरांतून आलेला आहे. लेखाची बरीच चर्चा झाली. पुढं त्यांच्याच एका विद्यार्थिनीनं तोच वायू पुन्हा तपासला. वायू खोलातला निघाला नाही. लाव्हाच्या दोन थरांमध्ये एक जुनं तळं गाडलं गेलं होतं, त्याच्या कुजक्या गाळातला निघाला. तेलबिल काही नाही.

“ती माझ्याकडं रडत आली. म्हणाली, सर, तुमच्या विरोधात कसं छापू? मी म्हणालो, माझ्या विरोधात न्हाय, दगडाच्या बाजूनं छाप. तिनं छापलं. मग परदेशातल्या एकानं या विषयाचा मोठा आढावा लेख लिवला, त्यात तिचं काम दोन ओळीत घेतलं. आता झालंय असं, की चूक कुणाची म्हटलं की लोक माझा दाखला देतात, आणि बरोबर कुणाचं म्हटलं की त्या आढाव्याचा. मूळ लेख कुणी उघडतच न्हाय. जिनं शोधलं ती मधल्या मधे गायब. ती इथं बसलीये. सुनंदा, उभी राहा.”

ताई उभ्या राहिल्या. सरांनी अंगावरची शाल काढली आणि व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्यापुढं धरली. “ही चुकीच्या खांद्यावर आहे.”

मला वाटलं, आता ताईंच्या डोळ्यांत पाणी येणार. पण त्या ताठ उभ्या होत्या.

“शाल नको मला, सर,” त्या म्हणाल्या. “मला माझ्या नावाचा दाखला पाहिजे.”

यावेळच्या टाळ्या सवयीच्या नव्हत्या. मी हाताचे तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या. प्राचार्यसुद्धा वाजवत होते. जब्बारचाचांना सगळं कळलं नव्हतं, पण शेजारच्याला ते सांगत होते, “बघितलंस? आमच्या भैयाची चूक जगात एक नंबर.” त्या क्षणी मला आमच्या गल्लीचा, या काळ्या खडकाचा आणि त्या पिवळ्या हेल्मेटचासुद्धा अभिमान वाटला. सत्काराची शाल अंगावर असताना ‘मी चुकलो’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

संध्याकाळी मी ताईंना एसटी स्टँडवर सोडायला गेले. उमरग्याच्या गाडीला वेळ होता. बाकावर बसल्या बसल्या त्या एकदम हसायला लागल्या.

“तुला एक सांगू? मागं मला ब्राझीलच्या एका प्राध्यापक बाईंची मेल आली. म्हणाल्या, आम्ही तुमचा मूळ लेख बघितला नव्हता, आता बघितला, पुढच्या लेखात दाखला देऊ. आणि खाली लिहिलं होतं, की हे आमच्या लक्षात आणून देणारा तुमचा विद्यार्थी आर. बागवान फार नम्र आहे. इंग्रजी थोडं जुन्या वळणाचं आहे, पण वाचत राहिला तर सुधारेल. त्याला प्रोत्साहन द्या.”

“विद्यार्थी? सर?” मी विचारलं.

“सर सगळ्यांना लिहितात गं. ज्यांनी ज्यांनी आढाव्याचा दाखला दिला, त्या प्रत्येकाला. आणि खाली सही करतात: रशीद बागवान, डॉ. सुनंदा गायकवाड यांचा विद्यार्थी. मी जाऊन भांडले. म्हणाले, सर, हे काय खोटं लिहिता? तर म्हणतात, यात खोटं काय? मला माझी चूक कुणी शिकवली? तू. मग विद्यार्थी कोण?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मला कुठं बोलू दिलं! तेच म्हणाले, त्या बाईंनी प्रोत्साहन द्या म्हटलंय ना? मग दे की. घरात माझं काम कळणारं कोण हाय?”

ताईंचं हसू तिथंच थांबलं. गाडी लागली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, “पुढच्या सुट्टीला येतेच म्हणावं सरांना. फरशी पुसून ठेवा.”

ताईंची त्या जागेची मुलाखत अजून व्हायची आहे. ब्राझीलच्या बाई शब्दाच्या पक्क्या निघतील अशी आशा आहे, पण एका दाखल्यानं आकडा हलत नाही. म्हणून हे लिहितेय, आणि तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात, ओळखीत, कॉलेजात कुणी भूगर्भशास्त्र शिकत असेल, शिकवत असेल, तर त्याला आजच फोन करा. म्हणावं, काळ्या खडकातल्या वायूवर लिहिशील तेव्हा आढाव्यावर थांबू नकोस. मूळ लेख उघड आणि पूर्ण वाच. पटला तर लिही, नाही पटला तर तसंही खुशाल लिही. पण लिहिताना सुनंदा गायकवाड हे नाव घाल.