वसंतभाऊंचा गुडघा आणि वरणाची बादली

वसंतभाऊंना जेवताना पाहिलेला माणूस आमच्या आर्वीत सापडणार नाही. वाढताना मात्र सगळ्यांनी पाहिलंय. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, हातात वरणाची बादली आणि तोंडात "सरका, सरका, गरम हाय!" याचे कोणी पैसे देत नाही आणि ते घेणारही नाहीत. बुफेचा त्यांना भारी राग. "ताट घेऊन लाइनीत उभं राह्यचं, हे जेवण हाय का जेल?"

ते आमच्या शेजारच्या घरात एकटेच राहतात. गल्लीत कार्य निघालं की सामानाची यादी मी करते. तिची पहिली ओळ तांदूळ नसते, "वसंतभाऊंना सांगणे" असते.

त्या भाऊंचा गुडघा गेल्या उन्हाळ्यात तळेगावच्या एका लग्नात गेला. पंगत भरात होती. मागून कोणीतरी ओरडलं, "भाऊ, इकडे वरण!" भाऊ गर्रकन वळले, पाऊल मात्र सतरंजीत अडकून तिथंच राहिलं. कट्ट असा आवाज आला. मी धावले, तर खाली बसलेले भाऊ म्हणाले, "वहिनी, वरण सांडलं नाई."

संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. झालं! "हड्डी ठीक हाय म्हणजे गाडी ठीक हाय," असं जाहीर करून, सूज जरा उतरताच ते एका तेरवीत बादली घेऊन हजर. पहिल्याच वळणावर गुडघा सटकला. या वेळी वरण सांडलं आणि त्यात भाऊही.

मग मीच त्यांना सेवाग्रामला दवाखान्यात नेलं. एमआरआय झाला. तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "काका, कोणता खेळ खेळता?"

"वाढतो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खुलासा केला. मग त्यांनी भाऊंना समजावलं : मांडीचं आणि नडगीचं हाड गुडघ्यात एका मजबूत पट्ट्यानं धरलेलं असतं, तेच लिगामेंट. ते तुटलंय. एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. मांडीचे स्नायू बळकट केले तर सरळ चालणं जमेल, पण पळता पळता वळणं सध्या बंद. काही महिने व्यायाम करायचा, तरीही गुडघा दगा देत राहिला तर ऑपरेशनचा विचार.

"पंगत सरळच असते मॅडम, पण लोक दोन्हीकडून बसते," भाऊ म्हणाले. मग आवाज उतरला. "वाढता नाई आलं, त मले कोणी बलावीन काऊन?"

बाईंनी व्यायामाचा कागद पुढे केला.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा. भाऊ पाय उचलून "पोळी आली, भाजी आली" असं सुरू करत. भात येईपर्यंत पाय खाली नाही. भिंतीपलीकडून सगळी पंगत मला ऐकू येई.

दिवाळीनंतर माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. भाऊंना दारातच बजावलं, "बादलीले हात लावाचा नाई. गुपचूप बसा." मांडी घालणं अजून जमत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी टेबल-खुर्ची मांडली. परीक्षेला बसल्यासारखे ते अवघडून बसले. वरण वाढायला मीच घेतलं. भाताच्या आळ्यात एक पळी, मग दुसरी. भाऊ नुसते ताटाकडे बघत होते. पुढच्या पळीला वरण भाताचा बांध फोडून भाजीत शिरलं.

"भाऊ, बस म्हणा ना!"

"म्हणतो," ते मान वर न करता म्हणाले. "थोडं वाढा न वहिनी. माय गेली तवापासून कोणी वाढलंच नाई मले."

पलीकडच्या ओळीतून वरणाच्या हाका येत होत्या. मी बादली त्यांच्या ताटाशीच ठेवली आणि त्यांच्यासाठी तूप आणायला गेले.