तायडे मेकॅनिकचा बी फ्लॅट

हातपंपाच्या पान्यांबरोबर सायकलला युकुलेले बांधून हिंडणारा माणूस अख्ख्या मालेगावात एकच होता आणि तो नेमका माझ्या शेजारी राहायचा. युकुलेले म्हणजे गिटारीचं शेंडेफळ. चार तारा, काखेत मावेल एवढं. लोक त्याला 'तायडेची सतार' म्हणत. मग तायडे सायकलवरून उतरून, स्टँड लावून, ही सतार कशी नव्हे ते समजावून सांगत. तोवर तिकडे पंपापाशी बायका हंडे घेऊन ताटकळत.

मोठ्या दुष्काळात बोअर पाडायला एक गोरा साहेब मशीन घेऊन आला होता. तायडे त्याच्या हाताखाली होते. जाताना साहेबाने आपलं वाद्य आणि ते शिकायचं इंग्रजी पुस्तक त्यांना देऊन टाकलं. पुढे तायडे पंप दुरुस्तीच्या नोकरीला लागले, पण वाद्य काही सुटलं नाही. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे ते पुस्तक माझ्या गळ्यात पडलं.

तायडे एकच सूर कधी वाजवत नसत. वाजवले तर तीन-चार एकदम, म्हणजे कॉर्ड. एखादी साधी चाल वाजवा की, असं मी एकदा सुचवलं. तर म्हणाले, "सर, एकट्या सुराले करमत नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पंपाचा एक नट ढिला निघाला तर शेजारचे दोनही खोलून बघत, कारण एकट्या नटालेही करमत नाही.

पुस्तकात सुरांच्या सात मांडण्या होत्या. त्यातली एकच त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मिक्सोलिडियन. हे नाव ते व्याह्याचं घ्यावं तसं अदबीने घ्यायचे. आपलाच सा रे ग म, फक्त नी तेवढा कोमल, म्हणजे जरा उतरलेला. विहारात पेटी वाजवणारे इंगोले गुरुजी म्हणाले, हा तर आपला खमाज थाट, त्याला गोऱ्याचं पुस्तक कशाला? तायडे शांतपणे म्हणाले, "थाट तुमचा असन गुरुजी, पन त्याच्या कॉर्ड कुठी हायेत?"

त्या कॉर्डपैकी कोमल नीवर उभी राहणारी जी होती, बी फ्लॅट, तिने मात्र त्यांचा जीव खाल्ला. पाने आवळून जाड झालेली बोटं, आणि पट्टीवर जागा जेमतेम दोन बोटांची. सावर उभी राहणारी सी वाजायची झणझणीत, बी फ्लॅट आली की फटफट. महिनोन्‌महिने ती फटफट भिंतीपलीकडून ऐकून मी कावलो. म्हटलं, तायडे, हा नाद सोडा, पुस्तकात अजून सहा मांडण्या आहेत. ते म्हणाले, "सहा घेऊन काय करू? मले हाच पाह्यजे."

काहून पाहिजे, ते मला भीमजयंतीच्या दिवशी कळलं.

आदल्या वर्षी जयंतीला सुमनवहिनी, म्हणजे तायड्यांची बायको, विहारात भीमगीत म्हणायला उभ्या राहिल्या होत्या. गुरुजींनी मध्येच पेटी थांबवली. "बाई, तुमचा नी उतरते." लोक हसले. मीही हसलो. त्यानंतर वहिनींनी भाकरी थापतानासुद्धा कधी गुणगुणलं नव्हतं आणि शेजारी राहून माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

यंदा संध्याकाळी तायडे युकुलेले घेऊन पुढे गेले आणि वहिनींकडे बघून फक्त "चाला" म्हणाले. वहिनींनी नकारार्थी मान हलवली. तायड्यांनी आग्रह केला नाही. खाली बसून ते सी वाजवत राहिले, तीच ती, पंप हापसावा तशी. लोक चुळबुळायला लागले. शेवटी वहिनी उठल्या, पदर सावरून शेजारी येऊन बसल्या आणि गायला लागल्या.

गेल्या वर्षीची ती ओळ आली तसं मी गुरुजींकडे पाहिलं. नी उतरला. जिथे उतरला होता तिथेच. त्याच क्षणी तायड्यांची जाड बोटं बी फ्लॅटवर पडली, स्वच्छ, आणि त्या नीमध्ये चूक म्हणून काही उरलंच नाही. दुसऱ्या कडव्याला गुरुजींनी पेटी पुढे ओढली आणि स्वतःहून कोमल नी दाबला. गेल्या वर्षीच्या माझ्या हसण्याची मला तेव्हा फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका खेड्यातून पंप बंद पडल्याचा निरोप घेऊन माणूस आला होता. तायडे उंबऱ्यावर पाना हातात धरून बसले होते. युकुलेले खुंटीला. आत वहिनी भाकरी थापत गात होत्या.

मी म्हटलं, "काय तायडे, आज एकट्या सुराला करमतं वाटतं?"

"एकटा कुठी हाय सर," ते हळूच म्हणाले, "मी आयकून राह्यलो ना."

आणि निरोप्याला त्यांनी हातानेच बसायची खूण केली. तोही बसला.