थैलीवरचा बैल

आपण जे खातो ते कुठून आलं, कोणाच्या हातून आलं, हे माणसाला ठाऊक असलं पाहिजे, हे तत्त्व आता सगळ्या जगाने मान्य केलं आहे. आमच्या भंडारा जिल्ह्यात ते फार आधीपासून मान्य होतं. फक्त त्याला चारचौघांत घेता येईल असं नाव नव्हतं. लिलाधरभाऊंनी शहापूरजवळ हायवेला लागून 'थेट बांधावरून' हे दुकान काढलं आणि ती उणीव भरून काढली. ते या तत्त्वाला पारदर्शकता म्हणतात.

लिलाधरभाऊ पुण्याला एका कंपनीत होते. तिथे ते काय करत होते हे गावात कोणालाच समजलं नाही, पण जे करत होते ते सोडून आले, म्हणजे काहीतरी मोठंच असणार, असं सर्वांचं मत पडलं. दुकान टिनाच्या शेडमध्ये आहे. टिनावर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली आहे. ती उन्हापावसासाठी नाही, नागपूरहून गाड्या घेऊन येणाऱ्यांसाठी आहे. दारात एक कोंबडी असते. ती विकायला नाही. इथली अंडी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची आहेत, याचा ती पुरावा आहे. (मोकळी फिरता फिरता हायवेवर जाऊ नये म्हणून तिच्या पायाला सुतळी बांधली आहे.)

दुकानाला नियम आहेत, आणि नियम आहेत म्हणूनच लोक येतात, असं माझं प्रामाणिक मत आहे. भाव विचारण्याआधी माती विचारावी. त्यासाठी बरणीत माती ठेवली आहे. झाकण काढून वास घ्यावा आणि मान हलवावी. मान न हलवणाऱ्यालाही माल मिळतो, पण जरा उशिरा. पोपट वालाच्या शेंगा ग्राहकाने स्वतः निवडून, तिथेच सोलाव्या, म्हणजे त्याचं शेतीशी नातं जुळतं आणि दुकानाचा एक माणूस वाचतो. प्लास्टिकची थैली मागणाऱ्याला चहा मिळत नाही. एका कोपऱ्यात चूल आहे, तिच्यावर नव्या चिन्नोर तांदळाचा भात सतत रटरटत असतो, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पळसाच्या पानावर चिमूटभर चाखायला मिळतो. त्या वासाने हायवेवरच्या गाड्या आपोआप हळू होतात. हे खरं आहे, यात उपरोध नाही.

पण दुकानाचं खरं वैभव म्हणजे तांदळाच्या थैल्या. प्रत्येक थैलीवर पिकवणाऱ्याचा फोटो, खाली पूर्ण नाव, त्याखाली गाव. लिलाधरभाऊंचं म्हणणं होतं, लोकांनी माल घेऊ नये, माणूस घ्यावा.

लोकांनी माणूस घ्यायला सुरुवात केली आणि तिथेच अडलं.

तांदूळ तिघांचा होता. एक कृष्णराव, एक केवळराम आणि एक रीना. तिघांच्या धानशेतीच्या बांध्या एकमेकांना लागून, तिन्हींना पाणी एकाच तलावाचं, धान कांडलं एकाच गिरणीत. कृष्णरावांच्या थैल्या संपल्या. केवळरामच्या संपल्या. रीनाच्या तशाच राहिल्या. ग्राहक तिची थैली उचलायचे, वाचायचे आणि मग त्यांना तांदळात काही ना काही दिसायचं. कोणाला दाणा जाड वाटे. कोणाला वास कमी. भंडाऱ्याच्या एका निवृत्त साहेबांना तो मागच्या वर्षीचा वाटला. नागपूरच्या एका बाईंनी सांगितलं की फोटोतली बाई थकलेली दिसते, तेव्हा तांदूळही ताजा नसणार. हा शेवटचा मुद्दा मला फार शास्त्रीय वाटला.

लिलाधरभाऊंनी तपास केला. दाणे मोजपट्टीवर ठेवले, भात तीन हंड्यांत शिजवला. काहीच फरक सापडला नाही. तेव्हा दोष तांदळात नसून लेबलात आहे, असा निष्कर्ष निघाला आणि दुरुस्त्या सुरू झाल्या. आधी आडनाव काढलं. सर्वांचंच काढलं, कारण दुकान समानता मानतं. मग लोक गाव वाचून 'गावातली कोणती टोली, कोणती वस्ती?' असं विचारू लागले, म्हणून गाव काढलं. मग लोक फोटो डोळ्यांजवळ नेऊ लागले, कारण रीनाच्या मागे तिच्या घरची भिंत होती आणि भिंतीवर तसबीर होती. (कोणाची, ते मी सांगत नाही. ग्राहकांना सांगावं लागलं नव्हतं.) मग नवा फोटो धानाच्या बांधीत काढला. तेव्हा ग्राहक फोन नंबर मागू लागले. त्यांना शेतकऱ्याचे आभार मानायचे होते. आभार मानण्याआधी पूर्ण नाव लागतं.

शेवटी लिलाधरभाऊंनी रीनाचा फोटो हटवून तिथे बैलाचा लावला.

बैल पांढरा होता, कपाळावर तांबडा चांद होता आणि चेहऱ्यावर विश्वास होता. त्याला आडनाव नव्हतं. पहिल्याच रविवारी निम्म्या थैल्या गेल्या. लोक म्हणाले, हा खरा गावरान तांदूळ, खाताना कळतं. बैलाच्या थैलीने केवळरामला मागे टाकलं, मग कृष्णरावांनाही. कृष्णरावांनी आपल्याही थैलीवर आपल्याऐवजी बैल लावावा असा अर्ज तोंडी केला, तो नामंजूर झाला. रीनाला एवढंच कळवण्यात आलं की 'डिझाइन बदललं आहे'. ती तेव्हा उरलेल्या धानाच्या कापणीत होती.

हे सगळं लिलाधरभाऊंनी मला चहा पाजून सांगितलं होतं. मी त्यांचं अभिनंदन केलं.

आता माझं प्रकरण. माझी मुलगी गुंजन सहा महिने ओलांडून गेली होती आणि दुधाशिवाय जगात काही खाण्यासारखं आहे हे तिला पटत नव्हतं. वरणाचं पाणी, कुस्करलेलं केळं, गाजराचा गोळा, जे जे तिच्या ओठांपर्यंत गेलं ते ते तिने मोठ्या शांतपणे जिभेने बाहेर ढकललं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझीच तिला कीव येते. तिच्या हातांना ते वळ्यांचे पट्टे नव्हते जे इतरांच्या बाळांना असतात. मी रोज तिचं मनगट दोन बोटांत धरून पाहायची. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, वजन वाढून नाही राहिलं, पुढच्या वेळेपर्यंत खाल्लं नाही तर तपासण्या कराव्या लागतील. मी तपासण्या हा शब्द घरी आणून कपाटात ठेवून दिला होता, पण रात्री तो बाहेर यायचा.

धान्य मात्र तिला अजून दिलेलं नव्हतं, कारण उष्टावण व्हायचं होतं. पहिला भात मामाने भरवायचा. मामा म्हणजे माझा भाऊ प्रीतम. तो चिखल्याच्या मँगनीज खाणीत कामाला आहे आणि त्याला सुट्टी मिळेल तोच मुहूर्त, असं ठरलं होतं. माझ्या सासूबाई, विमलाबाई, यांनी या कामी तांदूळ निवडण्याची जबाबदारी घेतली. आमच्या सासूबाई तांदूळ पाहत नाहीत, तांदळाचं घराणं पाहतात. त्यांच्याइतकी पारदर्शक बाई मी पाहिली नाही.

आम्ही तिघी ऑटोने दुकानात गेलो. सासूबाई नियमाप्रमाणे मातीच्या बरणीकडे वळल्या. चुलीवर नेहमी असणारी बाई आली नव्हती, म्हणून पोपटाच्या शेंगा घेऊन आलेल्या रीनालाच लिलाधरभाऊंनी तिथे बसवलं होतं. मी गुंजनला मांडीवर घेऊन तिच्याशेजारी टेकले. रीनाने भात शिजला का पाहायला हंडीतली चार शितं काढली, तळहातावर बोटाने चोळून मऊ केली आणि फुंकर मारली. तेवढ्यात गुंजनने पुढे वाकून तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, तोंडाशी ओढलं आणि खाल्लं.

थुंकलं नाही. गिळलं. मग तोंड उघडून ती थांबून राहिली, आणखी कोणी देतं का ते पाहत.

रीनाने माझ्याकडे पाहिलं. "देऊ का ताई?"

मी मान हलवली. तिने दिलं. गुंजनने तेही खाल्लं आणि पाय झाडले. मी तिची हनुवटी पाहत होते, ती कशी वरखाली होते ते. हे मी जरा जास्तच वेळ पाहिलं असणार, कारण वर बघते तो सासूबाई समोर उभ्या, हातात बरणीचं झाकण.

परिस्थिती गंभीर होती. मुहूर्त नाही, मामा नाही, आणि पहिला भात पोटात गेलेला. पण आमच्या सासूबाई गोंधळणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी जागच्या जागी निकाल दिला की चाखणं म्हणजे खाणं नव्हे. दुकानात दिलेला नमुना धर्मात धरत नाहीत. नातीने दोनदा घास घेतला हे मात्र त्यांनी नीट पाहिलं होतं. कोणता तांदूळ, असं त्यांनी विचारलं. लिलाधरभाऊंनी बैलाची थैली पुढे केली.

सासूबाईंना बैल आवडला. त्यांनी थैली उलटीसुलटी केली, चष्मा वर सरकवला आणि या दुकानात तोवर कोणालाही न सुचलेला प्रश्न विचारला.

"बैल कोणाचा?"

लिलाधरभाऊ खोकले.

"माहा," रीना म्हणाली. तिने थैली आत्ताच नीट पाहिली होती. "हा आमचा चांद्या होय. याचा फोटो काहून लावला?"

"अन् तू कोणाची वं?" सासूबाई म्हणाल्या.

मग रीनाने सांगितलं. स्वतःचं नाव, नवऱ्याचं, आडनाव, गाव, टोली, आणि भिंतीवर तसबीर कोणाची ते. लिलाधरभाऊंनी एवढ्या मेहनतीने पुसलेलं सगळं तिने एका दमात परत जागेवर ठेवलं, तेही भात ढवळत ढवळत.

सासूबाईंनी बैल खाली ठेवला. आपल्या मनात काही नाही, पण दाणा जरा जाडच वाटतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कृष्णरावांची थैली घेतली. लिलाधरभाऊंनी तातडीने त्या तांदळाचा भात लहान गंजात शिजवून आणला. सासूबाईंनी स्वतःच्या हाताने तो चोळला, फुंकला आणि लाडाने गुंजनच्या ओठांशी नेला. गुंजनने घेतला, तोंडात फिरवला, विचार केला आणि बाहेर ढकलला. तो थेट कृष्णरावांच्या फोटोवर, मिशीच्या जरा वर, पडला. केवळरामचा भात तर तिने तोंडातच घेतला नाही. (दोन्ही तांदळांत आणि रीनाच्या तांदळात फरक नाही, हे शास्त्राने सिद्ध झालेलं आहे. पण गुंजनला शास्त्र येत नाही.)

मी पहिल्यांदा सासूबाईंच्या नजरेत माझीच भीती पाहिली. त्यांनीही नातीचं मनगट दोन बोटांत धरलं, सोडलं, आणि हळूच म्हणाल्या, "दे बाप्पा ते बैलवाली."

लिलाधरभाऊ थैली उचलायला वाकले, तर रीनाने तिच्यावर हात ठेवला.

"बैलाची नाई भेटत," ती म्हणाली. "बैलानं रोवणा नाई केला काकू. चिखलात वाकून पऱ्हे मी लावले. माह्या नावानं नेता तर न्या, नाईतर मी हे सगळ्या थैल्या घरी नेतो. आमी खाऊन घेऊ."

त्यावर लिलाधरभाऊंनी तिला बाजारपेठ, ब्रँड आणि ग्राहकाची मानसिकता समजावून सांगितली. तिने सगळं ऐकलं आणि मग त्यांना चिकटपट्टी कुठे आहे ते विचारलं. तिचा जुना फोटो, तोच भिंतीवाला, गल्ल्याच्या खणात होता. बैलावर तो बरोबर बसला. खाली तिने पेनाने मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, आडनावाला जरा जास्त जागा देऊन.

सासूबाई म्हणाल्या, तांदूळ आमच्या पिशवीत ओतून द्या. नियमात बसत नाही, असं लिलाधरभाऊंनी सांगितलं. माल मूळ थैलीतच न्यावा लागतो, पारदर्शकतेचा प्रश्न आहे. नियम स्वतःवरच उलटल्याचं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, पण माणूस तत्त्वाचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबतो, आत जात नाही. तिथून घरापर्यंत सगळ्या ओट्यांवर हिवाळ्याच्या उन्हात बाया बसलेल्या. बेबीबाईंनी विचारलंच, काय आणलं वं विमला? आमच्या सासूबाईंनी ती थैली दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, लेबल आत, पदर वरून. मागे मी, गुंजनला तशीच पोटाशी धरून. "तांदूळ हाय, बैलाचा," त्या म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत.

उष्टावण झालं. प्रीतमने सोन्याच्या अंगठीने भात चाटवला, गुंजनने त्याचं बोट चावलं आणि आणखी मागितला. सगळ्यांनी तांदळाची तारीफ केली. सासूबाईंनी तो डब्यात ओतून ठेवला होता आणि थैली घडी करून गादीखाली. मी ती काढून स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगली आहे, फोटो बाहेरच्या बाजूने. त्यांनी पाहिली. अजून काढलेली नाही. गुंजनच्या मनगटावर एक वळी आली आहे, बारीकशी, पण आहे.

दुकानात आता रीनाच्या थैल्या तिच्या पूर्ण नावाने आहेत. त्या खपतात की नाही, हे मी सांगत नाही. तुमचा अंदाज माझ्यापेक्षा पक्का असणार. मी या गोष्टीत एकाही माणसाचं आडनाव लिहिलेलं नाही. तरी वाचता वाचता तुम्ही बाकी सगळ्यांना एकेक लावून टाकलंत, आणि रीनाचं लावायला तर तुम्हाला वेळही लागला नाही. माझं तेवढं अजून नक्की होत नाहीये, आणि ते तुम्हाला केव्हापासून खुपतं आहे.