कचरूतात्या आणि जपानचे करकोचे

कचरूतात्या पक्ष्याचा फोटो काढण्याआधी त्याची परवानगी घेतात. मनातल्या मनात नाही, चांगली तोंडानं. कॅमेरा डोळ्याला लावायचा, श्वास रोखायचा आणि हळूच विचारायचं, "काढू का?" पक्षी जागेवर राहिला तर त्याची हरकत नाही असं धरायचं. उडाला तर कॅमेरा खाली. "नाय म्हणाला," असं सांगून तात्या पुढं चालू लागतात. पण कधीकधी उत्तर येईपर्यंत बटण दाबलं गेलेलं असतं. त्यामुळं तात्यांच्या संग्रहात चोचींपेक्षा शेपट्या जास्त आहेत.

पडेगावात आमची घरं समोरासमोर. मी सय्यद, वीज खात्यातून निवृत्त झालेला. तात्या मूळ वैजापूरचे, कापसाचे व्यापारी. बायको गेली, मुलगा पुण्यात स्थायिक झाला, तेव्हा धंदा आवरून ते इथं राहायला आले. पहिल्याच हिवाळ्यात मी त्यांना जायकवाडीच्या पाण्याकडं फिरायला नेलं. हरभऱ्याच्या रानात करकोचे उतरले होते. राखाडी अंगाचे, लांब मानेचे, दूरदेशाहून थंडी काढायला आलेले. तात्या बांधावर बसून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे तर मार्केट यार्डावानी बोलत्यात. सगळे एकदम, आन् ऐकत कुणीच नाय."

दुसऱ्या दिवशी शहरात, क्रांती चौकात जाऊन त्यांनी कॅमेरा आणला. लेन्स दुधीभोपळ्याएवढी. तिला थंडी वाजू नये म्हणून जुन्या स्वेटरची बाही कापून घातली. कॅमेऱ्यात बटणं किती आणि कशाला, हे दुकानदारानं तासभर समजावलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच बटण वापरायचं ठरवलं.

आमची मुलगी रुख्सार जपानमध्ये नोकरी करते. एकदा फोनवर म्हणाली, "अब्बा, इथं दक्षिणेकडं हिवाळ्यात हजारोंनी करकोचे येतात. अम्मीला घेऊन या." आमच्या बेगमनं तिथल्या तिथं हात जोडले. "मला पडेगावचीच थंडी सोसत नाही. तात्यांना न्या." तात्यांनी पासपोर्टच्या आधी कानटोपी विकत घेतली.

"भाषेचं काय करणार?" मी विचारलं.

"कापूस विकताना म्या गुजरात्याशी बी बोललो आन् तेलुगूवाल्याशी बी. माणसाला माणसाचं कळतं, सय्यदसाहेब."

रुख्सारनं आम्हाला थेट त्या करकोच्यांच्या गावीच नेलं. भाताची कापलेली शेतं, पलीकडं डोंगर, आणि शेताला लागून एका बाईनं घरातच चालवलेली खानावळ. वर चार खोल्या पाहुण्यांना. बाई पन्नाशीच्या. त्यांचे म्हातारे वडील दिवसभर स्वयंपाकघरातल्या शेगडीजवळ बसून असत. त्यांना आता माणसं नीट ओळखू येत नसत.

पहाटे शेताच्या कडेला फोटो काढणाऱ्यांची रांग लागलेली. सगळे गप्प. तात्या पोचले आणि कमरेतून वाकून म्हणाले, "राम राम मंडळी." मंडळीही वाकली. ती वाकली म्हणून तात्या पुन्हा वाकले. तात्या वाकले म्हणून ती पुन्हा वाकली. शेवटी रुख्सारनं तात्यांच्या कोटाला धरून त्यांना सरळ केलं, नाहीतर करकोचे जेवून निघून गेले असते.

शेजारच्या जपानी गृहस्थाला तात्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. "संस्कार हायेत," तात्या मला म्हणाले आणि त्याच्याकडं वळले. "लई थंडी हाय."

"हाय," तो गृहस्थ मान हलवून म्हणाला.

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की पुढचे कितीतरी दिवस मला भाषेबद्दल बोलायची सोय राहिली नाही. जपानीत 'हाय' म्हणजे हो, हे रुख्सारनं सांगून पाहिलं. "मंग आपल्यात 'हाय' म्हंजे काय 'नाय' असतं का?" तात्या म्हणाले.

उजाडलं तसं शेत दिसू लागलं. करकोचेच करकोचे. करड्या अंगावर पांढरीशुभ्र मान, गळ्यात मफलर गुंडाळल्यासारखी. आईबापांच्या मधोमध तपकिरी मानेचं पोर चाले. तात्यांपुढं मोठाच पेच पडला. एवढ्या जणांची परवानगी घ्यायची कशी? त्यांनी थोडा विचार केला, सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत सावकाश चालणारा एक करकोचा हेरला आणि त्याला विचारलं, "काढू का, पाटील?" पाटील दाणे टिपत राहिले. त्यानंतर तात्यांनी थांबायचं नाव घेतलं नाही.

पण त्यांना खरा हवा होता एकच फोटो. हिवाळा सरत आला होता. आभाळ मोकळं झालं आणि वारा चांगला सुटला, की करकोचे गोल गोल फिरत उंच चढतात आणि रांग धरून उत्तरेला, आपल्या मुलखाला निघतात. ते निघणं तात्यांना पाहायचं होतं. आम्ही तिथं होतो तितके दिवस मळभच होतं. तात्या रोज संध्याकाळी शेगडीजवळच्या आजोबांना दिवसभराची हकीकत मराठीतून सांगत. आजोबा ऐकत आणि मधेच काहीतरी जपानी बोलत. त्यावर तात्या म्हणत, "बराबर."

शेवटच्या सकाळी आभाळ स्वच्छ निघालं. घरमालकीण भाजी आणायला बाजारात गेली होती. तात्या म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, म्या बूट घालून आलोच."

आम्ही शेतावर पोचलो. ऊन वर आलं, वारा सुटला आणि करकोच्यांचा एक थवा उठला. मग दुसरा. डोक्यावर गोल फिरत ते वर वर चढू लागले. सगळं आभाळ त्यांच्या आवाजानं भरलं. कॅमेरेवाले माना वर करून उभे, आणि तात्यांचा पत्ता नाही. माणूस पडलाबिडला की काय, म्हणून आम्ही दोघं धावतच माघारी आलो.

तात्या स्वयंपाकघरात खाली बसले होते. गळ्यात कॅमेरा, पायात बूट. आजोबांनी त्यांची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. आणि तात्या त्यांना वैजापूरच्या बाजाराबद्दल काहीतरी सांगत होते.

"तात्या, करकोचे निघाले. चला लवकर."

"आवाज येतोय की."

"मग?"

"हे म्हणत्यात, जाऊ नको."

"आता तुम्हाला जपानीही कळायला लागलं का?" मला जरा रागच आला होता. आजोबा पुटपुटतच होते. रुख्सार त्यांच्याजवळ बसली, वाकून ऐकू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "अब्बा, ते तेच म्हणतायत. तात्या त्यांना त्यांचा धाकटा भाऊ वाटतायत. बाहेर थंडी आहे, आज जाऊ नकोस, म्हणतायत."

मला वाटलं, तात्या आता छाती फुगवून माझ्याकडं बघणार. त्यांनी बघितलं नाही. आजोबांच्या बोटांकडं बघत म्हणाले, "बाही सोडवून घ्यायला काय लागतंय? पण सय्यदसाहेब, घरातनं निघताना जाऊ नको म्हणणारं लई वर्षांत कुणी भेटलं नाय."

मोकळ्या हातानं त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि मला दिला. "तुम्ही काढा. दिसतील अजून."

मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही. अंगणात उभा राहून आभाळाकडं धरला आणि दाबत राहिलो. फोटोत नुसते ठिपके आले. तात्या मात्र घरमालकीण परत येईपर्यंत जागचे हलले नाहीत.

घरी आल्यावर मी हे बेगमला सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या नेहमीसारखे चहाला आले, जपानी लोकांना मराठी कसं येतं ते तिला समजावून सांगितलं आणि कप ठेवून उठले. "येतो, भाभी."

आतून आवाज आला, "तात्या, जाऊ नका. भाकरी टाकल्यात."

तात्या उंबऱ्यात थांबले. चपलेत घातलेला पाय त्यांनी बाहेर काढला, सावकाश आत आले आणि भिंतीला टेकून बसले.

"भाजी कसली हाय?" त्यांनी विचारलं.